किंग्जवेल ते बरबँक : डिस्ने बंधूंच्या मागावर पाच दिवस

पहिला दिवस, बुधवार

लॉस एंजेलिसला यापूर्वी मी दोनदा आलो होतो आणि दोन्ही वेळा मुलांना डिस्नेलँड दाखवून परतलो होतो. या वेळी मी एकटाच आलो होतो. राजवाडे आणि पाळणे यांच्याकडे फिरकायचे नाही, तर वॉल्ट आणि रॉय डिस्ने या दोन भावांनी ज्या साध्या गल्ल्यांमध्ये भाड्याच्या खोल्या घेऊन धंदा उभा केला, त्या गल्ल्या पायी पाहायच्या, असे मनाशी पक्के करून आलो होतो. माझा थोरला भाऊ पॅसाडिनाला राहतो. त्याला फोनवर हा बेत सांगितला तेव्हा तो इतकेच म्हणाला, "ये तू, गाडी मी काढीन."

विमानप्रवासाची झोप डोळ्यांवर होती, तरी संध्याकाळी दादाने मला शहराच्या पूर्वेकडच्या सांता फे अव्हेन्यूवर नेले. नदीकाठच्या या भागात आज जुन्या गोदामांतून चित्रकारांचे स्टुडिओ आणि कॉफीची दुकाने थाटलेली आहेत. पूर्वी येथेच सांता फे रेल्वेचे ला ग्रांद नावाचे स्थानक होते. ते १८९३ साली सुरू झाले, १९३३ च्या भूकंपात त्याचा घुमट निकामी झाला आणि १९४६ मध्ये इमारतही पाडण्यात आली, त्यामुळे पाहण्यासारखे काहीच उरलेले नाही. तरीही सुरुवात येथूनच करणे मला योग्य वाटले, कारण १९२३ च्या उन्हाळ्यात एकवीस वर्षांचा वॉल्ट सांता फेच्या गाडीने या शहरात आला होता. कॅन्सस सिटीतली त्याची लाफ-ओ-ग्राम ही कार्टून काढणारी कंपनी बुडाली होती आणि कॅमेरा विकून आलेल्या पैशांतून त्याने तिकीट काढले होते. खिशात चाळीस डॉलर होते, हातात पुठ्ठ्याची बॅग होती आणि अंगातल्या कोटाचा पँटशी मेळ नव्हता. तिकीट मात्र पहिल्या वर्गाचे होते. दिवाळे निघालेल्या मुलाने ही चैन का करावी, असे कोणी म्हणेल. मला मात्र ती त्याची मान ताठ ठेवण्याची रीत वाटते. अकरा वर्षे आधी आपल्या दादासाहेब फाळक्यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडन गाठले होते, हे तेथे उभे असताना साहजिकच आठवले.

दुसरा दिवस, गुरुवार

सकाळी दादा कामावर गेला आणि मी मेट्रोने व्हरमाँट-सनसेट स्थानकावर उतरलो. तेथून व्हरमाँट अव्हेन्यूने उत्तरेकडे चालत गेले की दहा-बारा मिनिटांत किंग्जवेल अव्हेन्यू लागतो. हा लॉस फेलिझचा भाग आज चांगलाच महाग झाला असला, तरी ही गल्ली अजून शांत आहे आणि तिच्यात बैठी घरे, पुढे ओसरीसारखा व्हरांडा आणि फुटपाथवर मुळांनी उचकटलेल्या फरशा आहेत. ४४०६ क्रमांकाचे घर वॉल्टच्या रॉबर्टकाकांचे होते. खासगी घर असल्यामुळे मी समोरच्या बाजूने, रस्त्याच्या पलीकडूनच पाहिले. काकांनी पुतण्याला आसरा दिला, पण फुकट दिला नाही. आठवड्याला पाच डॉलर भाडे ठरले होते. आपल्याकडे पुतण्याकडून भाडे घेणाऱ्या काकाला लोकांनी नावे ठेवली असती. मात्र पुढे याच काकांनी पाचशे डॉलर व्याजाने उसने दिले, आणि तेही ज्या धंद्याचे नाव काढले की लोक हसत अशा धंद्यासाठी, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पाच डॉलरांचा राग येत नाही.

येथे आल्यावर वॉल्टने आधी कार्टूनचा नाद सोडून दिला होता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. न्यूयॉर्कच्या कंपन्या आपल्यापेक्षा फार पुढे गेल्या आहेत, आता उशीर झाला, असे त्याचे मत झाले होते. त्याला दिग्दर्शक व्हायचे होते. वार्ताहराचे जुने ओळखपत्र दाखवून तो युनिव्हर्सलच्या आवारात शिरला आणि सेट पाहत दिवसभर भटकला. नोकरी मात्र एकाही स्टुडिओने दिली नाही. तेव्हा कुठे त्याने काकांच्या गॅरेजमध्ये फळ्या ठोकून कॅमेऱ्याची घोडी तयार केली आणि कॅन्ससमध्ये काढलेला एक लघुपट न्यूयॉर्कच्या मार्गारेट विंकलर या वितरक बाईंना दाखवायला पाठवला. त्या लघुपटात एक खरीखुरी मुलगी रेखाटलेल्या प्राण्यांच्या जगात जाते. ऑक्टोबरच्या मध्यावर विंकलरबाईंचा होकार आला आणि १६ ऑक्टोबर १९२३ ला करार झाला. पहिल्या सहा लघुपटांना प्रत्येकी १,५०० डॉलर आणि पुढच्या सहांना प्रत्येकी १,८०० डॉलर मिळणार होते. आज डिस्ने कंपनी आपला जन्मदिवस म्हणून हीच तारीख पाळते.

होकाराची तार हातात पडली त्या रात्री वॉल्टने जे केले, ते मला या साऱ्या कहाणीतले सर्वांत जवळचे वाटते. त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा असलेला रॉय तेव्हा क्षयाने आजारी होता आणि शहराच्या पश्चिम टोकाला सॉटेल येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात पडून होता. वॉल्ट मध्यरात्रीच्या सुमारास तेथे पोहोचला, पडवीतल्या खाटांच्या रांगेतून भावाची खाट शोधून काढली, त्याला हलवून उठवले आणि तार दाखवली. आता पुढे काय करू, हा त्याचा प्रश्न होता. रॉय दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयातून बाहेर पडला, तो उपचारांसाठी पुन्हा तेथे परतलाच नाही. रॉयने स्वतः हे पुढे सांगून ठेवले आहे. त्याच्याजवळची थोडी शिल्लक, काकांचे पाचशे डॉलर, रॉयची वाग्दत्त वधू एडना हिने पाठवलेले पंचवीस डॉलर आणि आईवडिलांनी घर गहाण टाकून दिलेले अडीच हजार, असे ते भांडवल जमले.

काकांच्या घरापासून सात-आठ मिनिटे चालत गेले की ४६५१ क्रमांकाची जागा येते. तेथे जमिनीच्या दलालीची एक कचेरी होती आणि तिची मागची खोली या भावांनी महिना दहा डॉलर भाड्याने घेतली. फेब्रुवारी १९२४ मध्ये ते शेजारच्या ४६४९ क्रमांकाच्या गाळ्यात गेले, भाडे पस्तीस डॉलर झाले आणि काचेवर 'डिस्ने ब्रदर्स स्टुडिओ' अशी अक्षरे आली. इमारत बैठी आहे, गाळे लहान आहेत आणि आजही तेथे दुकानेच चालतात. मी काचेला हात लावून आत डोकावलो. रुंदी इतकी बेताची, की उजेडासाठी खिडकीशी दोन टेबले मांडली असतील तर मागून जाणाऱ्याला अंग चोरूनच जावे लागले असेल. या टेबलांवर मुली सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यांवर शाईने रेघा गिरवीत आणि मागच्या बाजूने रंग भरीत. जानेवारी १९२४ मध्ये आठवड्याला पंधरा डॉलरवर येथे लागलेली लिलियन बाउंड्स जवळच राहत असल्यामुळे पायी येई आणि तिला गाडीभाड्याचा खर्च नव्हता. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये वॉल्टने तिच्याशी लग्न केले.

खऱ्या मुलीचे चित्रीकरण या गाळ्यात शक्यच नव्हते. त्यासाठी हॉलिवूड बुलेव्हार्ड आणि रॉडनी ड्राइव्ह यांच्या कोपऱ्यावरचा एक मोकळा प्लॉट भाड्याने घेतला होता. मी तेथेही जाऊन आलो. आता सगळे बांधकाम झाले आहे. पांढरे कापड ताणून त्याच्यापुढे चार-पाच वर्षांच्या व्हर्जिनिया डेव्हिसला उभे करीत आणि पडद्यावर ज्या ठिकाणी मांजर किंवा कुत्रा येणार असे, त्या रिकाम्या जागेकडे बघून वॉल्ट सांगेल तसे तिने हसायचे किंवा दचकायचे असे. कॅमेऱ्याचा दांडा रॉय फिरवी. तो हाताने फिरवायचा असल्यामुळे वेग सारखा राहिला नाही की चित्रातली हालचाल कमीजास्त होई, आणि रॉयच्या हाताला ती लय काही साधली नाही. त्याचे खरे कौशल्य पुढे हिशेबाच्या वहीत दिसले.

तिसरा दिवस, शुक्रवार

आज दादाने रजा काढली. किंग्जवेलपासून हायपेरियन अव्हेन्यू दोनेक किलोमीटरवर आहे आणि आम्ही ते अंतर मुद्दाम पायी गेलो. जुलै १९२५ मध्ये भावांनी २७१९ हायपेरियन अव्हेन्यूच्या प्लॉटसाठी चारशे डॉलर विसार दिला आणि १९२६ च्या सुरुवातीला नव्या बैठ्या इमारतीत बस्तान हलवले. याच सुमारास पाटीवरचे 'ब्रदर्स' गेले आणि 'वॉल्ट डिस्ने स्टुडिओ' असे नाव आले. यात रॉयची फरपट झाली असे कोणी म्हणतात, पण त्याने आयुष्यभर या नावाचीच राखण केली, म्हणून मला त्यात कटुता दिसत नाही.

त्या जागी आज किराणा मालाचे मोठे सुपरमार्केट आहे. रस्त्याच्या कडेला खांबावर एक लहानशी पाटी आहे आणि तीही शोधावी लागते. आम्ही आत गेलो, पाव आणि संत्री घेतली आणि भाज्यांच्या मांडणीजवळ उगाच रेंगाळलो. मिकी माऊस ज्या जागेत जन्मला ती ही जागा, आणि आजूबाजूचे कोणीही त्याचा विचार करीत नव्हते. दादा मात्र खिन्न झाला. "आपल्याकडे प्रभातचा स्टुडिओ निदान उभा तरी आहे," तो म्हणाला. त्याचे खरेच आहे. आमच्या कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली आणि तिच्या त्या वास्तूत आजही चित्रपट शिकवले जातात.

मिकीच्या जन्माची हकिगत मूळ दुखण्यासकट सांगायला हवी. १९२७ मध्ये विंकलरबाईंचे पती चार्ल्स मिंट्झ यांच्यामार्फत या स्टुडिओने युनिव्हर्सलसाठी ओस्वाल्ड नावाचा ससा तयार केला आणि तो चालला. १९२८ च्या सुरुवातीला वॉल्ट दर चित्रपटामागे २,२५० ऐवजी २,५०० डॉलर मिळावेत म्हणून न्यूयॉर्कला गेला. मिंट्झने उलट १,८०० देऊ केले आणि तुझे बहुतेक चित्रकार मी आधीच माझ्याकडे बांधून घेतले आहेत, हेही सांगितले. सशाचे हक्क करारानुसार डिस्नेंचे नव्हतेच. स्वतः वाढवलेले पोर दुसऱ्याच्या नावावर निघाले, असा हा प्रकार होता. येथून पुढे डिस्ने बंधूंनी आपल्या पात्रांचा मालकी हक्क कधीही हातातून जाऊ दिला नाही आणि पुढे जे साम्राज्य झाले, त्याचा पाया मी या कागदावर मानतो. तो ससा कंपनीकडे परत आला तो थेट २००६ मध्ये, आणि त्याच्या बदल्यात कंपनीने आपल्याकडचा एक नामांकित क्रीडा समालोचक युनिव्हर्सलच्या मालकांना सोडला.

फुटलेले चित्रकार करार संपेपर्यंत याच इमारतीत बसून ओस्वाल्डचे उरलेले काम करीत होते, त्यामुळे नवा उंदीर त्यांच्यापासून लपवून काढावा लागला. वॉल्टशी इमान राखणारा जुना मित्र अब आयवर्क्स दार लावून एकटा चित्रे काढी, कोणी आले की वर दुसरा कागद ओढी, आणि अशा रीतीने त्याने दिवसाला सातशेपर्यंत चित्रे काढून जेमतेम दोन आठवड्यांत पहिला मिकीपट रेखाटला. शाई आणि रंगाचे काम स्टुडिओत करण्याची सोय नव्हती, म्हणून ते लिरिक अव्हेन्यूवर वॉल्टच्या घरच्या गॅरेजमध्ये झाले. लिलियन, तिची बहीण हेझल आणि रॉयची पत्नी झालेली एडना यांनी ते केले. आम्ही दुपारी चढ चढून लिरिक अव्हेन्यूवर गेलो. दोघा भावांनी येथे शेजारी शेजारी घरे बांधली होती, कारखान्यातून कापून आलेले लाकूड जागेवर जोडायचे अशा स्वस्त पद्धतीची. सख्ख्या जावा एका घराच्या गॅरेजमध्ये बसून उंदराचे कान काळे करीत आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आले आणि मी बराच वेळ त्या उतारावर उभा राहिलो. इतिहासात या बायकांची नावे येतात ती बहुतेक पत्नी म्हणून, कामगार म्हणून नव्हे. ते मला खटकते.

पहिले दोन मिकीपट मूक होते आणि कोणीही वितरक ते घेईना. तिसऱ्याला आवाज जोडायचे ठरले. १९२८ च्या उन्हाळ्यात एका रात्री हायपेरियनवर त्याची चाचणी झाली. प्रोजेक्टरची घरघर आत येऊ नये म्हणून रॉयने तो खिडकीबाहेर ठेवून चालवला, पडद्यामागे विल्फ्रेड जॅक्सनने तोंडाचा बाजा वाजवला, बाकीच्यांनी भांडी बडवली आणि प्रेक्षक म्हणून घरच्या बायका बसल्या. ताल जुळण्याचे गणित सोपे होते : ताल मोजणाऱ्या मेट्रोनोम यंत्राच्या प्रत्येक ठोक्याला ठराविक संख्येच्या चौकटी येतील अशा बेताने चित्रे आधीच काढलेली होती. पण न्यूयॉर्कला प्रत्यक्ष वाद्यवृंदासह केलेले पहिले ध्वनिमुद्रण बिघडले आणि पुन्हा करण्यासाठी पैसे उरले नाहीत. वॉल्टने आपली आवडती मून कंपनीची गाडी विकायला लावली. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी 'स्टीमबोट विली' न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात लागला आणि मग मागे वळून पाहायची गरज उरली नाही, असे लिहिण्याचा मोह होतो. पण वस्तुस्थिती अशी की पुढची दहा-बारा वर्षेही प्रत्येक यशाबरोबर कर्ज वाढतच गेले.

चौथा दिवस, शनिवार

सकाळी सॅन व्हिन्सेंट बुलेव्हार्डवर कार्थे सर्कल थिएटरची जागा पाहिली. तेथे आता कार्यालयाच्या इमारती आहेत. थिएटर १९६९ मध्ये पाडले. २१ डिसेंबर १९३७ च्या रात्री येथे 'स्नो व्हाइट'चा पहिला खेळ झाला. पूर्ण लांबीचे कार्टून कोणी पाहणार नाही, असे जाणकार म्हणत आणि चित्रपटसृष्टीत या उद्योगाला 'डिस्नेचा मूर्खपणा' हे नाव पडले होते. अंदाज अडीच लाख डॉलरचा होता आणि खर्च पंधरा लाखांच्या घरात गेला. मध्येच पैसे संपले तेव्हा बँक ऑफ अमेरिकाचे जो रोझेनबर्ग यांना अर्धवट चित्रपट दाखवावा लागला. काही दृश्ये पूर्ण, काही नुसत्या पेन्सिलीच्या रेघा आणि मधले दुवे वॉल्ट तोंडाने सांगतो आहे, असा तो खेळ होता. रोझेनबर्ग शेवटपर्यंत चेहऱ्यावर काही दाखवीत नव्हते. गाडीत बसता बसता मात्र, हा चित्रपट पोत्याने पैसा आणेल, अशा अर्थाचे काहीतरी बोलले आणि कर्ज मंजूर झाले. पहिल्याच प्रदर्शनात जगभरातून सुमारे ऐंशी लाख डॉलर जमले. रॉबर्टकाकांच्या पाचशे डॉलरांपासून या बँकेपर्यंत प्रत्येक वेळी कोणीतरी अपुऱ्या, अर्ध्या कामाकडे पाहून पैसे दिले, हे मला या पाच दिवसांत पुन्हा पुन्हा जाणवत होते.

दुपारी बरबँकला गेलो. 'स्नो व्हाइट'च्या पैशांतून १९३८ मध्ये घेतलेल्या या एक्कावन्न एकर जागेत स्टुडिओ १९४० पर्यंत हलला. आत सर्वसामान्यांना सोडत नाहीत, म्हणून ब्युएना व्हिस्टा रस्त्यावरून फाटकापलीकडची मायकेल ग्रेव्हज यांनी रचलेली इमारत पाहिली. तिच्या छपराला 'स्नो व्हाइट'मधल्या सात बुटक्यांनी तोलून धरले आहे आणि हे बुटके प्रत्येकी एकोणीस फूट उंच आहेत. जुन्या ॲनिमेशन इमारतीच्या खोल्यांना उत्तरेचा स्थिर उजेड मिळावा अशी रचना होती, आणि चित्रे पावसात भिजू नयेत म्हणून शाई-रंग विभागापर्यंत भुयारी वाट होती. किंग्जवेलच्या गाळ्यात अंग चोरून चालणाऱ्यांनी हे सर्व स्वतः आखले होते.

पण याच फाटकासमोर मे १९४१ मध्ये शेकडो कलाकार संपावर बसले, हेही सांगितले पाहिजे. युद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाली होती, १९४० चे दोन्ही मोठे चित्रपट तोट्यात गेले होते, आणि कोणाला भरघोस पगार तर शाई भरणाऱ्या मुलींना आठवड्याला अठरा डॉलरच्या आसपास, असा फरक होता. वॉल्टला तो संप घरच्या माणसांनी केलेल्या दग्यासारखा लागला. मला त्याचे दुःख समजते, तरी न्याय संपकऱ्यांच्या बाजूला अधिक होता, असेच मी म्हणेन.

याच वैभवाच्या सुरुवातीला आणखी एक गोष्ट घडली होती. घर गहाण टाकून अडीच हजार डॉलर देणाऱ्या आईवडिलांसाठी मुलांनी १९३८ मध्ये नॉर्थ हॉलिवूडला घर घेतले. त्या घरातल्या भट्टीतून विषारी वायू गळत होता आणि त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला आई, फ्लोरा, त्याने गुदमरून गेली. परतताना मी हे दादाला सांगितले. त्याने गाडीतला रेडिओ बंद केला आणि घर येईपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही.

पाचवा दिवस, रविवार

रॉबर्टकाकांचे गॅरेज आता किंग्जवेलवर नाही. १९८० च्या दशकात काही डिस्नेप्रेमींनी ते विकत घेऊन वाचवले आणि आता ते ऑरेंज काउंटीतल्या गार्डन ग्रोव्ह येथे, स्टॅनली रँच नावाच्या छोट्या वस्तुसंग्रहालयाच्या आवारात उभे आहे. हे संग्रहालय रोज उघडे नसते, म्हणून सुरुवातीचे ठिकाण माझ्या वाट्याला शेवटच्या दिवशी आले. वहिनीही आज सोबत आल्या. डिस्नेलँड येथून काही किलोमीटरवरच आहे आणि वाटेत तिकडे वळणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती.

जुन्या घरांच्या मधोमध ते गॅरेज आहे : लाकडी फळ्यांचे, उतरत्या छपराचे, एक लहान गाडी जेमतेम मावेल एवढे. उंबरा ओलांडून आत गेलो तेव्हा सगळ्यांत आधी जाणवला तो कोरड्या लाकडाचा वास. दोन फळ्यांमधल्या फटीतून उन्हाची एक उभी रेघ जमिनीवर पडली होती आणि तिच्यात धूळ तरंगत होती. कॅमेऱ्याची घोडी ठेवली तर तिच्याभोवती एका माणसाला फिरता येईल, दुसऱ्याला दारातच थांबावे लागेल. वहिनींनी दाराच्या चौकटीवरून हात फिरवला आणि विचारले, "आणि रॉय कुठे बसायचा?"

मी सांगितले की रॉय येथे बसत नव्हता. तो तेव्हा रुग्णालयात होता. वॉल्ट १९६६ मध्ये गेला, तेव्हा त्र्याहत्तर वर्षांच्या रॉयने निवृत्ती पुढे ढकलली, फ्लोरिडातले भावाचे अपुरे काम तडीस नेले, त्याला 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' असे पूर्ण नावच दिले, १ ऑक्टोबर १९७१ ला ते उघडले आणि त्याच डिसेंबरमध्ये तोही गेला. दादा तोपर्यंत बाहेर जाऊन गॅरेजच्या लांबीएवढी पावले मोजत होता. त्याने आकडा सांगितला, मी तो वहीत लिहिला, आणि संग्रहालय बंद व्हायची वेळ झाल्यामुळे आम्ही निघालो.